गुंज

आप्पांच्या तराजूच्या डबीत अजून एक गुंज आहे,
लाल, डोक्यावर काळा ठिपका.
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा,
हुपरीत मी पाढ्यांच्या आधी हे शिकले.

आता कोल्हापुरात, विद्यापीठाच्या माळावर,
दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मीही चांदीच करते.
पण माझी चांदी हळदीच्या पाण्यासारखी दिसते.
फोनवर फोटो दाखवला तर आप्पा म्हणाले,
"ही चांदी? टंच किती?"
टंच शंभर, आप्पा. फरक रव्याचा.
"रवा केवढा?"
मी चिमटीत माप धरायला गेले,
चिमूट मिटली तरी माप मोठंच राहिलं.

चाळीस वर्षं त्यांनी रवा पाडला,
मोहरीएवढा, मग खसखशीएवढा,
पैंजणाच्या कडेला डाग देऊन एकेक बसवला.
रवा बारीक तितकं काम उंची, म्हणायचे.

माझ्या ताटलीत शहाण्णव खळगे,
प्रत्येकात उंदराच्या पेशी, अंगाच्या उबेत ठेवलेल्या.
डावीकडे शंभर नॅनोमीटरची चांदी,
उजवीकडे दहाची.
वजन दोन्हीकडे तेच.
तराजूला विचाराल तर काही भांडणच नाही.

दुसऱ्या दिवशी रंग टाकला.
जिवंत पेशी पिवळ्याचा जांभळा करते,
मेलेली काहीच करत नाही.
डावीकडं जांभूळ पिकलं होतं.
उजवीकडं पिवळं, पिवळं, पिवळं,
मध्येच एक खळगा फिकट जांभळा, हट्टी.
मगदूम सर म्हणाले, पुन्हा कर.
तीनदा केलं.
तोच डोंगर, फोडून गोटे केले,
म्हणजे उघडी अंगं दहापट,
आणि चांदी झिजते ती अंगानंच.

तेव्हा शांतिनाथ आठवला.
चुलत भाऊ, चार वर्षांचा, त्यानं डबीतली गुंज गिळली.
घरभर रडारड. वैद्यांनी विचारलं, अख्खी ना?
मग जशी गेली तशी येईल.
कुटलेली असती, तर मला बोलावून उपयोग नव्हता.
दोन दिवसांनी आली. धुऊन डबीत ठेवली.
तीच ही.

आता शांतिनाथाची पोरगी पायातला वाळा
तोंडात घालून चोखते, आप्पांच्याच हातचा.
काही होत नाही तिला.
आणि माझी दहाची चांदी
जळलेल्या माणसाच्या पट्टीवर जंतू मारते.
चांगलंच करते.
फक्त जंतू कुठला आणि कातडी कुठली,
एवढं तिला वाचता येत नाही.

दिवाळी झाली की झारेकरी येतो,
कारखान्याचा केर वजनावर घेऊन जातो.
केरालाही भाव, आप्पा अभिमानानं सांगतात.
मी पॉलिशच्या मोटारीकडं बघत राहते.
उन्हाच्या तिरिपेत चमचम उडतेय.
दिसतंय त्याचं मला काही नाही.
जे खाली पडलंच नाही, झाऱ्यात आलंच नाही,
त्याचं वजन कुणाच्या नावावर?

आप्पा खोकले. तंबाखूचं असेल.
"येतो आप्पा," म्हणाले मी, आणि बस पकडली.

पुढच्या रविवारी मास्क नेला, चांगला, महागाचा.
त्यांनी उलटून पालटून बघितला,
शिलाई बरी आहे म्हणाले,
आणि तराजूच्या डबीवर झाकण म्हणून ठेवला.

गुंजेवर आता धूळ बसत नाही.