वार्षिक सभा, वागळे इस्टेट

यंदा अहवाल दोन आले.
एकावर सही थोरल्या मिरजगावकरांची,
दुसऱ्यावर धाकट्यांची.
तोटा दोघांनाही मान्य, पैशासकट.
भांडण खुर्चीचं.

हॉलही दोन धरले होते म्हणे.
मी रोड नंबर सोळाच्या हॉलमध्ये गेलो,
तिथे पंखे चालू होते म्हणून.
पूर्वी सभेला स्टीलचा डबा मिळायचा,
मग पेढा, मग नुसता चहा.
या वेळी वकील. पहिल्या रांगेत सहा,
काळे कोट मांडीवर घडी घालून.

तांबोळीबाईंनी विचारलं, लाभांश कधी?
थोरले म्हणाले, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.
मागून गुंडे ओरडले, संडासाला कुलूप का?
तेही न्यायप्रविष्ट असेल,
कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसलो.
वकीलसुद्धा.

चारशे शेअर आहेत माझे.
बोनसऐवजी दिले होते त्या वर्षी.
कागदावर पंपाचं चित्र आहे छापलेलं.
त्याच्या मोटरचं वाइंडिंग
माझ्या हातचं असू शकतं.

भाव आज नऊ रुपये पस्तीस पैसे.
मुलगा म्हणतो, फुंकून टाका.
मी म्हणतो, एकवीसची तारीख होऊ दे.
मागेही हेच म्हणालो होतो,
तेव्हा भाव चौदा होता.

परतताना मुद्दाम गेटवरून आलो.
दोन वॉचमन, दोघा भावांचे,
स्टूल मात्र एकच.
उभा होता त्याने हटकलं,
"कोणाकडचे?"

जरा वेळ लागला मला.
"वाइंडिंग," म्हणालो.