पिवळं किती वेळात

भुकटी आधी बादलीत कालवायची,
चुना तळाशी बसू द्यायचा,
वरचं निवळ तेवढं विहिरीत सोडायचं.
मग अर्धा तास कोणी दोर टाकायचा नाही.
एवढंच माझं काम. महिन्याचे दीड हजार,
आणि शर्टाला न जाणारा वास.

अर्धा तास कोण थांबतं?
पार्बताकाकू चौथ्या मिनिटाला गुंडी घेऊन हजर.
"काहून रे इंदल, पानी शिजू घातलं का तुनं?"
शिजतंच आहे, काकू. जाळ दिसत नाही फक्त.

वणीच्या कॉलेजात दोन वर्षं काढली.
डाहुले सर फळ्यावर वाकडे बाण काढायचे:
क्लोरीन कार्बनाला सोडून निघतो तेव्हा
पाणी भोवती उभं असतं,
घाई करत नाही, करून उपयोगही नसतो.
वेळ लागतो तो सुटायला.
जागा मोकळी झाली की
भरायला पापणी लवत नाही.
"वेग ठरवते ती सगळ्यात संथ पायरी,"
सर म्हणायचे, आणि खडू मोडायचा.
तिसऱ्या वर्षाची फी आम्ही भरली नाही.

इथल्या चुनखडीच्या पाण्यात क्लोरीन आळसावतो.
त्यात मे महिना. निम्मा तर ऊनच पिऊन टाकतं.

काल नळीत पाणी धरलं, ओटीचे थेंब टाकले.
एरवी टाकल्याबरोबर हळद उतरते.
काल काहीच नाही.
नळी काठड्यावर उभी केली,
रहाटाला तेल दिलं, एक फोन घेतला,
परत बघतो तर
कावीळ चढावी तसं, डोळ्यांदेखत नाही पण चढलेलं,
पिवळं.

उशिरा आलेलं पिवळं मोकळं नसतं.
वाटेत कोणीतरी त्याला धरलेलं असतं.
अमोनियानं. म्हणजे मुतानं. म्हणजे
जवळपास कुठेतरी गोठा झिरपतोय.

उतार बघत, पावलं मोजत निघालो.
काळी माती, मग मुरूम, मग ओल.
एकविसाव्या पावलाला
आमचीच म्हैस माझ्याकडे बघून रवंथ करत होती.

तो गोठा बापूनं स्वतःच्या हातानं बांधला,
मी सहावीत असताना, विटा मीच दिल्या होत्या.

रात्री बापू बाजेवर बसला होता.
"आज पानी बरोबर हाय नं?"
मी म्हटलं, जेवून घे आधी.
तो जेवला. हात धुतले. चूळ भरली.
त्याच विहिरीच्या पाण्यानं.
मी अजून बोललो नव्हतो.