अनेकवचन

खराडीतल्या त्या टॉवरच्या गेटवर वहीत तीनच रकाने :
कामवाली, डिलिव्हरी, पाहुणे.
वॉचमन दर मंगळवारी आधी माझी साडी बघतो, मग पिशवी,
आणि थोडा विचार करून मला पाहुण्यांत घालतो.
जन्म वानवडीतला. तरी.

चौदाव्या मजल्यावर ह्योन्जू दार उघडते
कमरेत वाकून.
मीही वाकते, गुडघा परवानगी देईल तेवढी.
चपला बाहेर. हे एक दोघींना शिकावं लागलं नाही.

"टीचर, यू ईट राइस?"
पुस्तकात आहे, हाउ आर यू. पुस्तकात आहे, आय अ‍ॅम फाइन.
मी लाल पेनाचं टोपण काढते, परत लावते.
आईनंही फोनवर आधी हेच विचारलं असतं,
बाकीची चौकशी मागाहून.

भाजलेल्या जवाचं गार पाणी येतं,
दोन्ही हातांनी.
मग आम्ही 'फ'वर बसतो.
खालचा ओठ दातांत धर, मी म्हणते,
हसू दाबताना धरतेस ना, तसा.
कॉफीची पुन्हा कोपी होते.
आमच्याकडे कॉपी करताना सापडलं तर वर्ष फुकट जातं, मी सांगते.
ती गंभीरपणे वहीत उतरवून घेते :
कोपी, वन इयर.

"अवर हजबंड," ती सुरू करते, "कम लेट. एव्हरी डे इलेव्हन."
माय, ह्योन्जू. माय हजबंड. नवरा एकीचाच असतो.
"माय," ती म्हणते,
आणि दोन वाक्यांनी पुन्हा अवर.
रांजणगावची बस, कंपनीतलं जेवण, शनिवारची मीटिंग,
सगळीकडे अवर.
सातव्यांदा अडवत होते, तर माझा फोन वाजला.
गॅसवाला.
"नाही हो, आमचे हे घरी नाहीत आत्ता,
आले की सांगते त्यांना."
ठेवला. ती बघत होती.
"टीचर, व्हॉट इज आमचे?"

अठ्ठावीस वर्षं मनपाच्या शाळेत व्याकरण शिकवलं,
फळ्यावर मधोमध रेघ,
इकडे एकवचन, तिकडे अनेकवचन.
हा शब्द कुठल्या बाजूला, हे कुणी विचारलंच नव्हतं.
अवर, मी म्हटलं. आमचे म्हणजे अवर.
ती एवढी हसली की टेबलावरचा ग्लास हलला.
"टीचर हजबंड ऑल्सो कम लेट?"

येस, म्हणाले. लेट.
मग वाटलं, अर्धवट शिकवू नये.
लेट दोन प्रकारचे असतात, ह्योन्जू.
क्रियापदानंतर आला तर माणूस उशिरा येतो.
नावाआधी आला तर
येत नाही.
चार वर्षं झाली. गॅसवाल्याला मी अजून पहिलाच प्रकार सांगते,
बाई एकटी राहते हे कशाला कळायला हवं कुणाला.

तिनं वहीत काहीच लिहिलं नाही.
खाली येताना लिफ्ट सातव्यावर थांबली, दार उघडलं,
कुणीच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी होमवर्क, पाच वाक्यं, गोल गोल अक्षर.
चार तिच्या मुलाच्या पोहण्याच्या क्लासबद्दल.
पाचवं :
अवर टीचर ईट राइस अलोन.

मी ईटला एस लावला.
बाकी काही खोडलं नाही.
आतून कुकरची शिटी झाली,
आणि तिनं न विचारता
दोन ताटं मांडली.