कुठला घेऊ

खोर फक्कानला, बंदरामागच्या गल्लीत,
दोर, गळ, वंगण, बोये विकणाऱ्या दुकानात
मला एकोणीस वर्षं झाली.
गिऱ्हाईक विचारतं, यातला कुठला घेऊ?
मी दोन्ही चाकू काउंटरवर ठेवतो.

हा साधा. नखानं उचलायचा,
दोन्ही हात लागतात, घाई चालत नाही.
आणि हा.
पात्याच्या बुडाशी खुंटी आहे,
अंगठ्यानं जराशी ढकल. बस्स.
पुढचं स्प्रिंग बघते.
खट्.

खट् ऐकून सगळे हसतात.
साठीचा तांडेलसुद्धा
उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो.

फायदा रोदेलला विचारा.
तारेचा गरगूर पाण्यात सोडताना
दोराचा वेढा बसला त्याच्या घोट्याला.
एक हात होडीच्या काठाला,
मोकळा राहिलेला एकच.
दर शुक्रवारी चहाला येतो,
दोन्ही पायांनी जिना चढून.

तोटा माझ्या मांडीला विचारा.
असरच्या नमाजला सजद्यात गेलो,
खिशातल्या किल्ल्यांनी खुंटी ढकलली.
सलाम फिरवला, मग खाली पाहिलं.
सात टाके.

शिवाय इथली वाळू.
बिजागरीत शिरते, वर खारा वारा,
आणि एक दिवस पातं
अर्ध्यावर थांबतं,
ना उघडं ना मिटलेलं.
तेव्हा जपायचं. तेव्हाच कापतं.

अंगठ्याचं काम किती, तर सुपारीएवढं.
तिथून पुढे पातं कुणाचं ऐकत नाही.
श्रीवर्धनहून निघालो तेव्हा
मलाही कुणी फार ढकललं नव्हतं.

एकदा सुट्टीत एक घरी नेला.
नफीसानं खट् केलं, दचकली,
म्हणाली, एवढी घाई कसली याला?
आणि विळीवर बसली.
विळीचं पातं जागचं हलत नाही,
सुरमईच फिरते त्याच्याभोवती.
चाकू अजून तिथेच असेल,
लाइटच्या बिलांच्या खणात.

गिऱ्हाईक तरी विचारतंच:
चाचा, तुमच्या खिशात कुठला?

मी गज काढतो,
दोराचं टोक ओढतो.
किती मीटर देऊ?