आधी गार होऊ दे

हातखंब्याच्या अलीकडे, खातूंच्या वखारीमागे
बस उभी होती. छत्तीस सीट, रंग नवा,
आरशाला लिंबू-मिरची, तीही आजचीच.
दिलावरमामूंनी ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर तळवा ठेवला,
जसा फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.
"सकाळी फिरवलीत का कुठे?"
"छे, आठ दिवस जागची हलली नाही," खातू म्हणाले.
तळवा तसाच.
"मग आधी गार होऊ दे."

दोन तास बसलो.
मी पर्स मांडीवर घट्ट धरून. आत बचत गटाचं चेकबुक,
ठरावाखाली सतरा सह्या, पाच अंगठे.
कोळंबीच्या कारखान्यात हजेरी पहाटे साडेपाचची
आणि आमच्या वाडीवरून पहिली एस्टी सातची.
करवत चालू होती. फणसाचा ओंडका चिरत होते,
पिवळा भुसा चहाच्या कपात येत होता.
मामूंना त्या आवाजाचं काही नाही.
तीस वर्षं डेपोत इंजिनांना कान देऊन
डावा गेलाय, उजवा वाटेवर आहे.

मग चावी.
पहिल्या झटक्याला नाही. दुसऱ्याला नाही.
तिसऱ्याला खोकली, पांढरा धूर सोडला,
तो विरला. निळा आला नाही.
पट्टी पुसली, बुडवली, तेल बोटांत चोळलं:
काळं, पण दुधाळ नाही. "पाणी मिसळलेलं नाही."
तेलाचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं.
झाकण थरथरलं, उडालं नाही.
मला थरथरतं झाकण दिसलं,
त्यांना आतल्या रिंगा.
मग लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक इंजिनाला,
मूठ उरलेल्या दातांत.
डोळे मिटून किती वेळ.
"कानांचं काय घेऊन बसलीस," नंतर म्हणाले, "हाड ऐकतं.
इंजिन चांगलं आहे. थंडीत कुरकुरतं, तेवढंच.
तेवढ्यासाठी कशाला खोटं बोलायचं?"

निवळीच्या घाटात मला मागच्या सीटवर बसवलं.
"बुडाला काय कळतं ते सांग."
चढाला बरी. उताराला पाय उचलला मात्र,
तिसरा गिअर आपसूक बाहेर,
आणि बस मोकळी, बावनदीच्या दिशेने.
मामूंनी दुसऱ्यात करकचून ओढली.
खातू खिडकीबाहेर बघत होते,
जणू घाट आजच बांधलाय.
"गिअर ठरत नाही," मामू स्वतःशीच,
"आणि पेटी एवढी मुकी कशी?"

परत आल्यावर खाली शिरले,
सत्तरीचा माणूस, पोत्यावर पाठ टेकून.
बूच उघडलं. तेल आलं जड, गुठळ्या गुठळ्यांनी,
तेलात पिवळं.
बोट नाकाशी नेलं.
"फणस," म्हणाले.

"ते ड्रायव्हरने काहीतरी…" खातू.
मामू ओरडले नाहीत.
"आमच्या वेळी सागाचा घालायचे. आवाज दाबायला तोच बरा."
मग पाना पुसत, कुणाकडेच न बघता,
"मीही घातलाय. एकदा. गुहागरच्या बेंडलांना गाडी विकली तेव्हा.
सहा महिन्यांत मोडीत निघाली म्हणे.
तिकडे जायचं म्हटलं की अजून
मला काहीतरी काम निघतं."

"घे. पण पेटीचे ऐंशी हजार काप."
खातू म्हणाले, पन्नास.
मी म्हणाले, ऐंशी.
सकाळपासून पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळून बोलले.
"बाई, पासष्ट."
"ऐंशी. आणि भुसा तुमचा तुम्ही काढा."

चेकवर पिवळी भुकटी बसली होती,
फुंकून रक्कम अक्षरी लिहिली, 'फक्त'ला जरा अडखळले.
मामू मागच्या नळावर हात धूत होते,
साबणाची वडी संपत आली तरी
मधूनच बोटं नाकाशी नेत होते.