घोळ

गाऊन नागपूरहून आला, चार दिवसांच्या भाड्यानं,
परतवाड्याच्या एस.टी.त सलोमीच्या मांडीवर बसून.
मागं सोडलेलं कापड मी टेपनं मोजलं:
दोन मीटर, वर चार बोटं. सॅटिन, खाली जाळी.
"याले ट्रेन म्हणतात, बेबीताई."
"बाप्पा! आपली शकुंतला बंद पडली,
आन् थे आता तुह्या मांगं सुरू झाली."

चर्चात चालेल. तिथं फरशी, फरशीवर जाजम.
पण प्रार्थना आटोपली की मांडव दीड फर्लांग लांब,
तूर काढलेल्या वावरात. धसकटं अजून उभी.
वाटेत गोखरू, शेणाची खांडकं,
आणि कुणाच्याही मागं धावणारी पोट्टी.
उचलायचं तर होतंच.
कसं, एवढाच प्रश्न.

तिला स्टुलावर उभं केलं.
आधी वरून घेतलं. कमरेखाली पाच गुंड्या, दोऱ्याचे पाच फासे.
मावशी म्हणाली, "पोयाचा बैल दिसते पोट्टी,
झूल टाकल्यावानी."
उसवलं.

मग आतून. नाडीला नाडी,
जाळीखाली सगळं दुमडलं, वरून काही कळेना.
मला हेच आवडलं. माझं काम दिसलं
की समजावं, कुठंतरी चुकलं.
पण नाड्या सहा. निळ्या टाक्याची निळ्याशी, लालची लालशी.
आणि त्या बांधायच्या तर कुणीतरी
घोळाखाली डोकं घालून शिरावं लागणार,
पंगत खोळंबलेली असताना.

मनगटात अडकवायचा फास सुचवला.
सलोमी म्हणाली, "एका हातात फुलं."
"आन् दुसऱ्या?"
ती बोलली नाही. मावशी हसली.

एवढा वेळ मार्थाबाई दारात बसून होती,
लसूण सोलत.
उठली, पदराला हात पुसले,
आली, कापडाचा मधला भाग मुठीत धरला,
एक झटका देऊन वर घेतला आणि कमरेशी खोचला,
जशी कापूस वेचताना ओटी खोचतात तशी,
न बघता, दुसरीकडं बोलत.
आणि ते बसलं.
मागं फुगलं, भरल्या ओटीसारखं,
फक्त उलट्या बाजूला.

"आई, कापूस नाई हाय थो!"
"मंग काय हाय? पांढरंच तं हाय."

मी खडू घेतला.
तिची मूठ होती तिथं खूण केली.
पाच गुंड्यांचं, सहा नाड्यांचं राहू द्या म्हटलं,
एकच लावते, मोठी, कोटाची,
मार्थाबाईच्या बोटांना सापडेल अशी.
बोंडांनी चिरलेली ती बोटं,
त्यांना मण्याएवढी गुंडी कशी लागावी?
सलोमी आरशात मान वळवून वळवून बघत होती.
"नागपूरवाल्या व्हिडीओत असं नव्हतं," म्हणाली,
पण उतर म्हटल्यावर लगेच उतरली नाही.

रात्री लाईट गेली. टॉर्च दातात धरून
गुंडीला मागून कापडाचा तुकडा दिला,
सॅटिन फाटू नये म्हणून.
दोन किलोचं माप बांधून लटकवून पाहिलं.
धरलं.

लग्नाला मी गेले नाही. जावयाचं ऑपरेशन निघालं अमरावतीला.
कशी दिसली, किती वेळा सुटलं,
कुणी लावलं, मला ठाऊक नाही.

चौथ्या दिवशी गाऊन परत माझ्याकडं.
टाके काढा, दुकानवाला डिपॉझिट कापतो.
काठाच्या लेसमध्ये अकरा गोखरू. वेचले.
फास कापला, गुंडी डब्यात टाकली.
गुंडीच्या जागेजवळ, सॅटिनवर,
हळदीचा आख्खा अंगठा,
उभ्या चिरांसकट.

साबण लावला. थोडा गेला, बराच राहिला.
हळद उन्हात उडते, हे मला
कुणी शिकवायची गरज नाही.
अंगणात ऊन मोप होतं.

गाऊन मी सावलीत वाळू घातला.