सहाव्या ट्रॅकचं नाव

रुवीत, होंडा रोडच्या मागच्या गल्लीत
आमच्या दुकानाच्या खिडकीला पाच सीड्या टांगल्यात.
कबुतरं येऊ नयेत म्हणून, असं मी अरबाबला सांगतो.
खरं तर त्या हिदायत सारंगच्या,
वाया गेलेल्या.

हिदायत पाण्याचा टँकर चालवतो,
मस्कत ते समाईल, कधी निझवा.
डेकवर एक हिरवी पट्टी आहे, आठ अक्षरांएवढी.
"ह्यात गाण्याचं नाव येतं म्हणे.
माझ्या सीडीचं का येत नाही?"

त्याच्या सीडीत गाणी नाहीत.
भावानं हर्णैहून पाठवलेली कॅसेट:
बंदरावरचा लिलाव, सुरमईचा भाव तीनदा पुकारलेला.
बायको, कौलं कितीला पडली ते सांगताना.
सतरा सातेला अडखळणारी शबनूर.
आणि एक कोंबडा,
जो कुणी मुद्दाम रेकॉर्ड केलेला नव्हता.

पहिल्या सीडीत मी नावं देवनागरीत टाकली.
पट्टीवर नुसती प्रश्नचिन्हं आली,
एका ओळीत आठ,
घरून आलेल्या पत्रासारखी.

दुसरीत इंग्रजी अक्षरं. पट्टी कोरी.
दोन दिवसांनी उमगलं,
मी एकेक ट्रॅक सुटा जाळत होतो,
मध्ये मध्ये लेझर विझत होता.
नावं राहतात आतल्या कडेला,
पहिला आवाज सुरू व्हायच्याही आधीच्या वर्तुळात,
आणि तिथं लिहायचं तर
अख्खी सीडी एका दमात ओढावी लागते.

तिसरी एका दमात ओढली.
पण आमचा रायटर जुना,
नावं घ्यायचा आणि गिळून बसायचा,
तक्रारसुद्धा नाही.
शेजारच्या कुन्हीमोनचा उसना आणला.

चौथी, वेग बावन्नवरून आठवर.
कॉम्प्युटरनं इंटरनेटला विचारून छातीठोक सांगितलं,
ही फिनलंडच्या कुठल्याशा बँडची सीडी.
ट्रॅकची लांबी जुळली म्हणे.
"म्हणजे माझी बायको फिनलंडची?"
हिदायत इतका हसला की कडक चहा शर्टावर सांडला.
डेकमध्ये मात्र काहीच नाही.

पाचवी जळत असताना मी यादी पुन्हा वाचली.
सहाव्या ट्रॅकसमोर जागा मोकळी होती.
"हा राहिलाय तुझा."
"राहू दे. त्यात काही नाही."
पण एकाला नाव दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं,
एक रिकामं दिसलं
की हा डेक उरलेलीही मानत नाही.

मी सहावा लावला.
चार मिनिटं, अकरा सेकंद.
बाजेची कुरकुर. खोकला.
लांबून भावाचा आवाज, बोला ना, हिदायत ऐकतोय.
मग पुन्हा बाजच.
"वडील?"
त्यानं मान हलवली.
"बाबा असं टाकू?"
"नको. बाबा वाचलं की वाटतं, आता बोलतील."

बाहेर टँकर चालूच होता,
समाईलला कुणाची तरी टाकी खडखडीत असणार.
हिदायत कीबोर्डकडे बघत राहिला,
जाळ्यात काय लागलंय हे
वर ओढण्याआधी बघावं तसा.
"लिही," म्हणाला, "बसलेत."

इंग्रजीत सहा अक्षरं.
पट्टीत मावून दोन जागा उरतात.

सहावी सीडी घेऊन तो वर चढला,
मी पायरीवर, दाराच्या तापल्या पत्र्याला हात न लावता.
लिलाव आला. कौलं आली.
शबनूरचं नाव पट्टीत पुरं आलं,
ते त्यानं बोटानं पुसून पाहिलं.
मग बटण दाबत दाबत सहावर गेला.

बाकीच्या लांब नावांसारखं ते सरकलं नाही.
हिरवं, जागच्या जागी.
इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येईना.
खोकला येईल त्याच्या जरा आधी
हिदायतनं चावी फिरवून
इंजिन बंद केलं.